म्हातारीला ओळखणारं दुसरं माणूस

ती पहाटे गेली. सकाळी हॉस्पिटलच्या खिडकीपाशी तिचे यजमान, चष्मेवाले, सह्या करायला उभे होते, तेवढ्यात त्यांच्या हातातल्या पिशवीत तिचा फोन वाजायला लागला. पिशवीत तिची चप्पल होती, शाल होती, कंगवा होता आणि सगळ्याच्या तळाशी फोन. तो हाताला लागेपर्यंत वाजून थांबला आणि लगेच पुन्हा वाजू लागला.

"मॅडम, सॉरी, झोपमोड केली का? दोनच मिनिटं," पलीकडचा माणूस घाईघाईने म्हणाला. "म्हातारी पुन्हा अडून बसलीय. एकही पत्ता पुढे सरकत नाहीये. तुम्ही नुसतं सांगा, मी करतो."

"मी तिचा नवरा बोलतोय," चष्मेवाले म्हणाले. "ती फोनवर येणार नाही."

"बरं बरं, डॉक्टर आलेत का? मग मी थोड्या वेळाने करू?"

"नका करू. पहाटे ती वारली."

 पलीकडे मागून कुणीतरी विचारलेलं ऐकू आलं, "काय म्हणाल्या? कुठून सुरुवात करायची म्हणाल्या?" आणि फोनवरचा माणूस फोन कानाला तसाच धरून रडायला लागला. अगदी लहान मुलासारखा, हुंदके देऊन.

तिच्या ऑफिसला ही बातमी कळली ती अशी. नातेवाइकांना अजून कळायची होती. शेजाऱ्यांना कळायची होती. घरी मुलगी दाराकडे डोळे लावून बसली होती, तिलाही अजून सांगायचं होतं. चष्मेवाल्यांनी फोन बंद केला, सह्या पुऱ्या केल्या. पण त्या क्षणी त्यांच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली. माझी बायको या कंपनीने खाल्ली! मरतानासुद्धा तिला सोडलं नाही!

चष्मेवाल्यांना सगळी गल्ली याच नावाने ओळखायची. खाली त्यांचं चष्म्याचं दुकान, मागे डोळे तपासायची अंधारी खोली आणि वर घर. बायको मात्र एका फार मोठ्या कंपनीत होती. इतकी मोठी, की नाव सांगितल्यावर "तिथे काय करतात?" असं कुणी विचारायचं नाही. त्या कंपनीच्या शंभर उद्योगांपैकी एक म्हणजे लोकांनी घरबसल्या मागवलेल्या वस्तू त्यांच्या दारात पोचवणं. आता लोक पत्ता कसाही लिहितात. कुणी लिहितं, पाण्याच्या टाकीमागे, निळं दार. कुणी लिहितं, शाळेसमोरच्या जिन्याने वर, कुत्रा चावत नाही. अशा पत्त्यावरून नेमकं घर शोधून काढणारा प्रोग्राम चष्मेवाल्यांच्या बायकोने नोकरीला लागल्यावर तरुणपणी लिहिला होता. कंपनी वाढत गेली, त्यावर नवे मजले चढत गेले, हा प्रोग्राम मात्र पायात तसाच राहिला. ऑफिसात त्याला सगळे 'म्हातारी' म्हणायचे. म्हातारी रुसली की गोदामांत खोकी पडून राहायची. त्यांत कुणाचं औषध असायचं, कुणाच्या बाळाचं दूध असायचं. आणि म्हातारीची समजूत घालणारं माणूस सगळ्या कंपनीत एकच होतं.

चष्मेवाल्यांना याचा केवढा अभिमान! गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता ते सांगायचे, "आमच्या हिच्यावाचून तिथे पान हलत नाही." कंपनीने तिला एकदा काचेचं बक्षीस दिलं होतं, 'कंपनीचा आधारस्तंभ' असं कोरलेलं. ती ते कपाटात टाकणार होती. चष्मेवाल्यांनी ते दुकानाच्या शोकेसमध्ये, महागड्या फ्रेमांच्या मधोमध ठेवलं. ती जिन्यावरून येता-जाता म्हणायची, "अहो, तो खांब काढा तिथून. लोकांना वाटेल विकायला ठेवलाय."

ती गेल्यावर त्यांनी तो खांब खरंच काढला आणि जुन्या डब्यांच्या मागे ढकलून दिला.

दिवस जात होते. मुलीच्या आजी, म्हणजे चष्मेवाल्यांच्या सासूबाई, घरी राहायला आल्या होत्या. सासूबाई एका मोठ्या हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी आल्या आल्या घरातल्या सगळ्या चादरी ताणून अंथरल्या, औषधांच्या कपाटातल्या मुदत संपलेल्या गोळ्या फेकल्या आणि जावयाला दाढी करायला लावली. स्वतःची पोर गेलेली, पण रडताना त्यांना कुणी पाहिलं नाही. फक्त कधीतरी न्हाणीघरातला नळ उगाचच फार वेळ चालू राहायचा.

एका दुपारी मुलगी दुकानात आली आणि काउंटरला टेकून उभी राहिली.

"बाबा, एक सांगायचंय. ओरडू नका."

"ओरडावं लागेल असं सांगू नकोस."

"मला नोकरी मिळाली. आईच्या कंपनीत."

चष्मेवाल्यांच्या हातातला छोटा स्क्रू खाली पडला. तो शोधायला ते वाकले आणि वाकूनच म्हणाले, "नाही."

"ऐकून तरी घ्या. मी आईच्या आजारपणाआधीच अर्ज केला होता. तिनेच माझी तयारी करून घेतली. हॉस्पिटलातसुद्धा प्रश्न विचारायची मला."

"हॉस्पिटलात तिने तेवढंच केलं नाही. एका हाताला सुई टोचलेली आणि दुसऱ्या हाताने त्यांची कामं उरकत होती. ती गेली त्या दिवशी पहिला फोन कुणाचा आला, विसरलीस? त्या इमारतीत आपल्या घरातलं दुसरं माणूस जाणार नाही. संपला विषय."

"महिनाअखेरीला उत्तर द्यायचंय मला."

"उत्तर दिलंय मी."

"तुम्ही दिलंय, बाबा. मी नाही."

त्या दिवसापासून बापलेकीत अबोला सुरू झाला. जेवताना मुलगी म्हणायची, "आजी, त्यांना मीठ हवंय का विचार." बाप म्हणायचा, "आई, तिला सांगा, मीठ माझ्यासमोरच आहे." सासूबाईंनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी ताट बाजूला सारून म्हणाल्या, "मी काय पोस्ट ऑफिस आहे? उद्यापासून तिकीट लावून द्या निरोप."

कुणी हसलं नाही. महिनाअखेर जवळ येत चालली होती.

अशात एके दिवशी दुपारी एक उंच माणूस दुकानात शिरला. इतका उंच, की दाराच्या चौकटीतून त्याला मान वाकवून आत यावं लागलं. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली.

"नंबर तपासायचाय," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "काका, मी मॅडमच्या टीममधला. त्या मला जिराफ म्हणायच्या."

चष्मेवाल्यांनी नुसत्या आवाजावरून त्याला ओळखलं. हाच तो फोनवाला. सरळ बाहेर काढावा असं मनात आलं. पण दुकानात आलेल्या माणसाला तसं पाठवायची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "आत बसा."

अंधाऱ्या खोलीत त्यांनी जिराफाला खुर्चीवर बसवलं, नाकावर चाचणीची जाड फ्रेम अडकवली आणि समोरचा अक्षरांचा तक्ता उजळला.

"वाचा."

जिराफाने वरच्या ओळी वाचल्या आणि मधेच अडखळला. चष्मेवाल्यांनी काच बदलली. "आता?"

"थोडं बरं दिसतंय."

"स्क्रीनकडे किती वेळ बघता?"

"झोप सोडून सगळा वेळ." पुढे तो त्या तक्त्याकडे बघतच म्हणाला, "काका, त्या दिवशी मी फोन केला. मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं हो. मी रोज ठरवायचो तुमच्याकडे यायचं आणि कोपऱ्यापर्यंत येऊन परत जायचो."

"माहीत नव्हतं, हे मान्य," चष्मेवाले म्हणाले. "पण आजारी होती, एवढं तर माहीत होतं ना? एका आजारी बाईला तुम्ही लोकांनी शेवटपर्यंत राबवलंत. माणसं आहात की कोण?"

जिराफाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याने हळूच विचारलं, "मॅडमनी तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं?"

"काय सांगायचं होतं?"

"त्यांना रजा होती, काका. पूर्ण पगारी, बऱ्या होईपर्यंत. आजार कळला त्याच आठवड्यात ड्युटीच्या यादीतून त्यांचं नाव काढलं होतं. आमच्या मोठ्या बाई स्वतः हॉस्पिटलात आल्या होत्या, लॅपटॉप परत न्यायला. मॅडमनी दिला नाही."

"खोटं आहे हे!"

"शपथ घेतो. त्या म्हणाल्या, म्हातारीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, काही अडलं तर मला फोन करायचा. मी कितीदा म्हटलं, मला शिकवा ना. हसायच्या. म्हणायच्या, बरी झाले की शिकवते, तोवर तू फोन लावायला शीक."

चष्मेवाले हातात काच घेऊन उभे राहिले. ती कुठे घालायची होती तेच त्यांना आठवेना.

"का पण?" ते म्हणाले. "का असं केलं तिने?"

"भीती, काका. मागे ती मोठी कपात झाली होती, आठवतंय? आमच्या मजल्यावरची निम्मी माणसं सकाळी कामावर आली आणि त्यांच्या कार्डाने दारच उघडेना. सगळी खाली फुटपाथवर उभी, डबे हातात घेऊन. मॅडम तेव्हा आत होत्या. त्यांनी खिडकीतून पाहिलं. त्यांची सगळ्यांत जवळची मैत्रीण त्यांत होती. त्यानंतर म्हातारीबद्दल त्यांनी कुणालाच धड सांगितलं नाही. मला एकदा म्हणाल्या होत्या, जो एकटाच जाणतो, त्याला काढत नाहीत."

"आणि तुमची कंपनी? एवढी हुशार माणसं भरलेली. एकाच बाईच्या डोक्यात सगळं आहे, हे त्यांना दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. दरवर्षी ठरायचं, दुसरं माणूस तयार करायचं. पण काका, जुनं शिकून आमच्यात बढती मिळत नाही. नवीन काहीतरी करून दाखवलं की मिळते. मग कोण शिकणार? दरवर्षी ते पुढच्या वर्षावर जायचं आणि मॅडमना बक्षीस मिळायचं."

खिशात फोन वाजला. जिराफ झटक्याने उठला, नाकावरच्या जाड फ्रेमसकट बाहेर धावला आणि फुटपाथवर उभा राहून बोलायला लागला. एका डोळ्यावर एक काच, दुसऱ्यावर दुसरीच. येणारे-जाणारे वळून बघत होते. चष्मेवाले दारात आले. आतल्या खोलीतला तक्ता तसाच उजळलेला राहिला.

"हो, म्हातारीच आहे ती," जिराफ म्हणत होता. "थांबा, हात लावू नका. मी येतो." तो फोन ठेवतो न ठेवतो तोच दुसरा आला. या वेळी त्याचा आवाज मऊ झाला. "हो गं, निघतोच आहे. बाळाला झोपवू नकोस, मी येऊन घेतो. ऑफिसमध्ये जरा डोकावून येतो. दोनच मिनिटं."

दोनच मिनिटं! चष्मेवाल्यांना हॉस्पिटलातला तो फोन आठवला.

"आता म्हातारी कोण सांभाळतं?" जिराफ आत आला तेव्हा त्यांनी विचारलं.

"मीच. चाचपडत. अर्धं कळतं, अर्धं नाही." मग तो ओशाळं हसला. "पण आता सगळे मला फार मानतात हं. परवा मोठ्या बाई म्हणाल्या, तुझ्यावाचून काही खरं नाही."

त्याने फ्रेम काढून दिली आणि नंबर अर्धवट टाकून तो निघून गेला.

चष्मेवाल्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि ते वर आले. सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या.

"आई, तुम्हाला ठाऊक होतं? तिला रजा होती! पगारी रजा! आणि तरी ती काम करत होती!"

"ठाऊक होतं," सासूबाई म्हणाल्या. शेंगा सोलणं थांबलं नाही.

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगून काय झालं असतं? मी तिच्या हातातून लॅपटॉप काढून घ्यायचे आणि तुम्ही भेटायला आलेल्या माणसांना कौतुकाने सांगायचात, बघा, खाटेवरून कंपनी चालवते. मग ती मला म्हणायची, 'बघ आई, ह्यांना किती बरं वाटतं.'"

चष्मेवाले त्यांच्यासमोर खाली बसले. हे ते म्हणाले होते. एकदा नाही, अनेकदा म्हणाले होते.

"म्हणजे दोष माझा? की तिचा?"

"दोष वाटायला मी बसलेली नाही, जावईबापू. मी तिची आई आहे. माझी पोर गेली ती आजाराने गेली, लॅपटॉपने नाही. ते तुम्हीही जाणता. पण तिचे शेवटचे महिने आपल्याला मिळायला हवे होते. तुम्हाला, पोरीला, मला. ते म्हातारीने नेले, याचं मला दुःख आहे." त्यांचा हात पहिल्यांदाच थांबला. "ऐका. मी उभा जन्म हॉस्पिटलात काढला. ड्युटी संपली की चार्ज द्यायचा, हा आमचा नियम. कुठल्या खाटेवर कोण, कुणाला काय टोचलं, कोण रात्रभर कण्हत होतं, सगळं पुढच्या नर्सला सांगायचं आणि घरी जायचं. मी घरी जाऊन झोपायचे. का? तर मागे दुसरी उभी आहे, हे मला पक्कं माहीत असायचं. आमच्यात एक होती, कामात वाघीण. पण चार्ज देताना हातचं राखून द्यायची. पेशंटनी तिचंच नाव घ्यावं म्हणून. घ्यायचेही. एक दिवस ती तापाने पडली आणि वॉर्डात नुसता गोंधळ! कुणाला काय द्यायचं, पत्ता नाही. ती बरी होऊन आल्यावर मी तिला सगळ्यांसमोर झापलं. म्हटलं, पेशंट तुझा नाही, वॉर्डाचा आहे! तू इतकी चांगली आहेस ना, मग तुझ्यासारखी दुसरी तयार कर!"

"हे तिला सांगितलंत कधी?"

"दर वेळी. ती काय म्हणायची माहीत आहे? 'आई, तुझ्या हॉस्पिटलात माणसांना असं फुटपाथवर उभं करत नव्हते.' त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. माणसाला रोज भीती घालायची आणि वर म्हणायचं, मोकळ्या मनाने सगळं शिकवा, हे जमायचं कसं? त्या कंपनीची ही चूक मी कधी माफ करणार नाही."

"मग मी काय वेगळं म्हणतोय? म्हणूनच पोरीला पाठवत नाही."

"तिथेच तुमचं चुकतं." सासूबाईंनी शेंगांचा ढीग पुढे सरकवला. "सोला, नुसते बसू नका. मला सांगा, ज्या डॉक्टरच्या दारात आपण उभे राहू शकलो नसतो, त्याने तिला इतके महिने तपासलं, ते कुणाच्या जोरावर? कंपनीच्या विम्याच्या. समोर ते झगमगीत चष्म्याचं दुकान निघालं, तुमचं गिऱ्हाईक आटलं, तेव्हा हे घर कशावर चाललं? तिच्या पगारावर. माझी पोर शाळेत बाईंनी नाव विचारलं तरी खाली बघायची. तिला त्या लोकांनी देशोदेशीच्या माणसांसमोर उभं करून बोलायला लावलं. बाई म्हणून कुणी तिला मागे बसवलं नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, तिला ते काम आवडायचं. घरी हसत यायची की नाही?"

चष्मेवाल्यांनी एक शेंग उचलून सोलली. "यायची," ते म्हणाले. "कुत्र्याला घाबरू नका असं कुणीतरी पत्त्यात लिहिलेलं सांगून एकटीच हसत बसायची."

"मग? काम वाईट नाही. आपल्यावाचून तिथे अडलं पाहिजे, ही हाव वाईट. आणि ती हाव एकट्या माणसाची नसते हो! कंपनी काचेचे खांब देऊन ती वाढवते. आपण घरचे टाळ्या वाजवून वाढवतो. कुणी म्हणालं, 'माझ्यावाचून पान हलत नाही', तर त्याची कीव करायला हवी, आपण त्याला डोक्यावर घेतो!" त्या जरा थांबल्या आणि जावयाकडे रोखून बघत म्हणाल्या, "आणि तुमच्या दुकानात कोण आहे हो दुसरं? ती हॉस्पिटलात होती तेव्हा दुकानाला कुलूप. गिऱ्हाइकांचे चष्मे आत, गिऱ्हाइकं बाहेर डोळे चोळत. कंपनी तेवढी वाईट, आणि तुम्ही?"

एवढ्या दुःखातही चष्मेवाल्यांना हसू फुटलं. हसता हसताच त्यांचा बांध सुटला. बायको गेल्यापासून ते रडले नव्हते. त्या दिवशी मटारांच्या ढिगासमोर बसून ते पोटभर रडले. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मग त्याही रडल्या, सगळ्यांना दिसेल असं.

आवाज ऐकून मुलगी आतल्या खोलीतून आली आणि दारात थबकली.

"इकडे ये," चष्मेवाले म्हणाले. "बस. कितीतरी दिवसांनी तुझ्याशी सरळ बोलतोय. तुला तिथे का जायचंय? आईची आठवण म्हणून जात असशील तर नको जाऊस."

मुलगी आजीला खेटून बसली. "आठवण म्हणून नाही, बाबा. तिच्यासारखं काम करायचंय, पण तिच्यासारखं अडकायचं नाहीये. मी जिराफदादाशी बोललेय. त्याला म्हणाले, मला म्हातारी शिकव. तो म्हणाला, वेडी आहेस का, नव्या माणसाने जुनं काम मागायचं नसतं, मागे पडशील. म्हटलं, पडले तर पडले. पण तू घरी जाशील तेव्हा फोन माझ्याकडे असेल आणि मी घरी येईन तेव्हा तुझ्याकडे. आणि दोघांनाही रजा हवी असेल तेव्हा तिसऱ्याकडे. तिसरं माणूस आपण शोधू."

"बघा," सासूबाई म्हणाल्या, "चार्ज द्यायला शिकली माझी नात."

"आणि तुलाच काढून टाकलं तर?" बापाने विचारलं. "सगळं दुसऱ्याला शिकवून बसलीस आणि एका सकाळी दारच उघडलं नाही तर?"

 "तर घरी येईन," ती म्हणाली. "आपलं दार तरी उघडाल ना?"

"वेडे! मीच येईन त्या फुटपाथवर तुला घ्यायला!" चष्मेवाले मोठ्याने म्हणाले. "जा. कळव त्यांना. हो म्हणून कळव!"

मुलगी नोकरीला लागली. पहिल्याच बैठकीत तिने म्हातारी मागितली, तेव्हा मोठ्या बाई चकित झाल्या. त्यांनी तिला समजावलं की यात नाव होत नाही, बढती उशिरा मिळते. मुलीने शांतपणे विचारलं, "मग जो हे शिकेल त्याचं नाव होईल, असं काही आपण करू शकतो का?" बाईंनी तेव्हा विषय पुढे ढकलला. पण त्या वाईट नव्हत्या. माझ्या आईसारख्या हुशार बाईला तुम्ही एकटं पाडलंत, असं मुलगी एका शब्दानेही म्हणाली नाही, आणि तरी बाईंना ते ऐकू आलं. पुढे त्यांनी आपल्या टीमपुरता एक नियम केला. ज्याचं काम दुसऱ्या कुणालाच येत नाही, त्याचं त्या वर्षी कौतुक करायचं नाही. जो आपलं काम दुसऱ्याला शिकवेल, त्याचं करायचं. सगळ्या कंपनीने तो नियम घेतलेला नाही. कपातीची भीतीही गेलेली नाही. ती घालवणं एका बाईच्या हातात नाही.

एका सकाळी जिराफ दुकानात आला. दाढी केलेली, कडेवर बाळ, सोबत बायको. कामाचा दिवस होता.

"आज फोन कुणाकडे?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"तुमच्या लेकीकडे," तो म्हणाला. त्याने सगळा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचून नंबर पुरा करून घेतला. तेवढ्या वेळात खिशातून एकदाही आवाज आला नाही. बाळाने मात्र तीन फ्रेमा वाकवल्या.

आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं, सुना, जावई आज अशा मोठ्या कंपन्यांत आहेत. त्या कंपन्या नुसत्या राक्षस नाहीत आणि नुसतं नंदनवनही नाहीत. त्या पगार देतात, विमा देतात, धीट करतात, जग दाखवतात. त्याच कंपन्या माणसाला भीतीत ठेवतात आणि गोड बोलून बांधूनही ठेवतात. तिथे जाणाऱ्याने जरूर जावं, मन लावून काम करावं. पण आपलं काम दुसऱ्या कुणाला तरी येतं आहे ना, हे बघावं. ज्याच्या मागे दुसरं माणूस उभं आहे तोच आजारी पडू शकतो, घरी जाऊ शकतो, बाळाला कडेवर घेऊ शकतो. आणि आपण घरच्यांनी "तुझ्यावाचून तिथे अडतं का?" असं कौतुकाने विचारणं सोडावं. "आज चार्ज कुणाला देऊन आलास?" असं विचारावं.

चष्मेवाल्यांच्या दुकानात आता एक बाई दुपारी काचा घासायला शिकायला येते. तिचा हात अजून बसलेला नाही, पण बसेल.

म्हातारी आता दोघांना येते. तिसरं माणूस शोधणं चालू आहे. आणि म्हातारीचा एक मोठा भाग असा आहे, जो चष्मेवाल्यांच्या बायकोने कुणालाच सांगितला नव्हता. तो कसा चालतो हे अजून कुणालाही समजलेलं नाही. ते काम व्हायचं आहे.